जिद्दीची धाव : विल्मा रुडॉल्फ



तुमच्या शाळेत दरवर्षी क्रीडामहोत्सव होतो. त्यात तुम्ही रिले शर्यत नक्कीच पाहिली असेल. तुमच्यापैकी काही जण तीत धावलेही असतील. या शर्यतीत प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. पहिल्या खेळाडूच्या हातात एक छोटा दांडा असतो. त्याला बॅटन म्हणतात. पहिला खेळाडू धावत जाऊन तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा चौथ्याला. चौथा खेळाडू बॅटन घेऊन शेवटची रेषा ओलांडतो. कोणी कितीही वेगाने धावो, बॅटन हातातून निसटला की शर्यत हातची गेलीच म्हणून समजा. एकट्याच्या बळावर ही शर्यत जिंकता येत नाही.

आज आपण अशा एका मुलीची माहिती घेणार आहोत, जिने ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचा शेवटचा टप्पा धावून आपल्या देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत तिने आणखी दोन सुवर्णपदके जिंकली. त्या वेळी जगातील सर्वांत वेगवान स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जात होते. पण तुम्हांला आश्चर्य वाटेल, लहानपणी ही मुलगी धड चालूही शकत नव्हती! तिचे नाव विल्मा रुडॉल्फ.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे राज्य आहे. या राज्यातील क्लार्क्सव्हिल या गावाजवळ २३ जून १९४० रोजी विल्माचा जन्म झाला. तिचे वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमालीचे काम करत. जोडीला मिळेल ते दुसरे कामही करत. आई ब्लँच गोऱ्या लोकांच्या घरी घरकामाला जाई. वडिलांचे दोन विवाह झाले होते आणि त्यांना एकूण २२ मुले होती. विल्मा ही त्यांतली विसावी. दिवस पूर्ण भरण्याआधीच ती जन्मली. जन्माच्या वेळी तिचे वजन जेमतेम दोन किलो होते.

अशा नाजूक मुलीला एकामागून एक आजारांनी घेरले. तिला न्यूमोनिया झाला. अंगाची लाही करणारे ताप आले. आणि ती साधारण चार-पाच वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. पोलिओतून तिचा जीव वाचला, पण डाव्या पायातील शक्ती गेली. पाय आत वळू लागला. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधावा लागला. आपल्याकडे अशा आधाराला कॅलिपर म्हणतात.

मित्रांनो, पोलिओचे नाव तुम्ही ऐकलेच आहे. तुम्ही लहान असताना तुमच्याही तोंडात पोलिओच्या लशीचे दोन थेंब घातले असतील. विल्माच्या लहानपणी ही लस निघालेली नव्हती. पोलिओची पहिली लस १९५५ साली अमेरिकेत वापरात आली, तेव्हा विल्मा पंधरा वर्षांची होत होती. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन मुलांना डोस देण्यात आले. जानेवारी २०११ नंतर भारतात या रोगाचा एकही नैसर्गिक रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. जे दोन थेंब तुम्हांला सहज मिळाले, ते न मिळाल्यामुळे विल्मासारख्या हजारो मुलांना काय भोगावे लागले, याची कल्पना करून पाहा.

विल्माच्या वाट्याला आजार आले होते. त्यांच्या जोडीला आणखी एक मोठे दुःख होते. ते आजाराने आलेले नव्हते, माणसांनी निर्माण केलेले होते. विल्मा काळ्या लोकांच्या समाजात जन्मली होती. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. तरीही दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना बरोबरीने वागवत नसत. त्यांच्या शाळा वेगळ्या असत. उपाहारगृहांत त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नसे. बसमध्ये त्यांनी मागच्या बाकांवरच बसायचे, असा नियम होता. क्लार्क्सव्हिलमध्येही हीच स्थिती होती. गावात काळ्या लोकांसाठी उपचारांची सोय अगदी अपुरी होती.

मग विल्माच्या आईने काय केले? सुमारे ८० किलोमीटर अंतरावर नॅशव्हिल हे शहर होते. तेथे मेहॅरी नावाचे वैद्यकीय महाविद्यालय होते. काळ्या डॉक्टरांना शिक्षण देणारी ही जुनी संस्था. तिच्या रुग्णालयात काळ्या लोकांवर उपचार होत. आई दर आठवड्याला आजारी मुलीला घेऊन बसने नॅशव्हिलला जाऊ लागली. जाताना मागचे बाक, येताना मागचे बाक. दिवसभराचे काम बुडे, तिकिटाचे पैसे जात, मोठ्या संसाराची ओढाताण होई. पण एक नाही, दोन नाही, सुमारे दोन वर्षे आईने हा प्रवास केला.

रुग्णालयातील डॉक्टरांनी आईला पायाचे मालीश कसे करायचे, ते शिकवले. घरी आल्यावर आईने ते मोठ्या मुलामुलींना शिकवले. मग घरात पाळ्या लागल्या. दिवसातून चार वेळा विल्माच्या पायाचे मालीश होई. कधी एक बहीण, कधी दुसरी, कधी भाऊ. एक जण थकला की दुसरा पुढे येई. एवढ्या मोठ्या कुटुंबात गरिबी होती, अडचणी होत्या, पण आजारी बहिणीला कोणी ओझे मानले नाही.

आजारपणामुळे विल्माला शाळेत उशिरा घातले. ती सात वर्षांची झाल्यावर शाळेत जाऊ लागली. पायात कॅलिपर असल्यामुळे काही मुले तिला चिडवत. खेळाच्या तासाला ती बाजूला बसून इतरांचे खेळ पाही. तिला फार वाईट वाटे. पण ती केवळ रडत बसली नाही. घरात कोणी नसले की ती कॅलिपर काढून चालण्याचा प्रयत्न करी. आई-वडील येण्याची चाहूल लागली की पुन्हा घाली. साधारण साडेनऊ वर्षांची असताना एके दिवशी ती कॅलिपर न घालता लोकांसमोर चालत गेली. पुढे काही काळ ती कधी आधार घेऊन, तर कधी आधाराशिवाय चाले. बारा वर्षांची झाली तेव्हा मात्र तिला आधाराची गरज उरली नाही. आईने ते कॅलिपर बांधून टपालाने नॅशव्हिलच्या रुग्णालयाला परत पाठवून दिले. त्या दिवशी घरातल्या सर्वांना किती आनंद झाला असेल!

पाय बरा होताच विल्मा खेळात बुडून गेली. इतकी वर्षे जे बाजूला बसून पाहिले, ते आता तिला स्वतः करायचे होते. शाळेच्या बास्केटबॉल संघात तिने प्रवेश मिळवला. सुरुवातीला तिला बराच काळ राखीव खेळाडू म्हणून बसून राहावे लागले. ती उंच आणि सडपातळ होती. मैदानावर ती सतत इकडून तिकडे भिरभिरत असे. म्हणून तिच्या प्रशिक्षकांनी तिचे टोपणनाव ठेवले 'डास'! पुढे याच मुलीने सामन्यांत भराभर गुण मिळवून सर्वांना चकित केले.

बास्केटबॉलच्या एका स्पर्धेत एड टेंपल हे गृहस्थ पंच म्हणून आले होते. नॅशव्हिलच्या टेनेसी राज्य विद्यापीठात ते मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांची नजर विल्मावर पडली. ही मुलगी बास्केटबॉलसाठी नव्हे, धावण्यासाठी जन्मली आहे, हे त्यांनी ओळखले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी तिला आपल्या शिबिरात बोलावले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेत असताना विल्मा जवळपासच्या स्पर्धांमध्ये धावे आणि सहज जिंके. त्यामुळे तिला वाटू लागले, की आपल्याला कोणी हरवू शकणार नाही. मग ती अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे एका मोठ्या स्पर्धेला गेली. तेथे दूरदूरच्या उत्तम धावपटू मुली आल्या होत्या. विल्मा तेथे एकही शर्यत जिंकू शकली नाही. सर्व शर्यती हरली! ती फार निराश झाली. पण या हारीने तिचे डोळे उघडले. निसर्गाने पायांत वेग दिला, तरी सुरुवात कशी करावी, श्वास कसा घ्यावा, हात कसे हलवावेत, हे शिकावेच लागते. मेहनतीशिवाय गुण वाया जातात. जिंकण्यापेक्षा त्या दिवशीची हार तिला अधिक उपयोगी पडली.

टेंपल सर शिस्तीचे कडक होते. विद्यापीठाकडे पैसा नव्हता. मैदान साधे, मातीचे. धावपट्टीवरच्या रेषासुद्धा सर स्वतःच्या खर्चाने आखून घेत. पण सरावाला एक मिनीट उशीर झाला तर मैदानाला एक जादा फेरी, हा त्यांचा नियम होता. एकदा विल्माला झोप लागली आणि ती अर्धा तास उशिरा पोहोचली. सरांनी तिला ३० फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी विल्मा वेळेच्या अर्धा तास आधीच मैदानावर येऊन बसली होती! सरांची आणखी एक अट होती. धावणाऱ्या प्रत्येक मुलीने शिक्षणही पूर्ण केलेच पाहिजे. पदके आज मिळतात, पण पदवी जन्मभर साथ देते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बहुतेक सर्व ऑलिंपिक खेळाडू मुलींनी पदवी मिळवली.

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ऑलिंपिक सामने झाले. विल्मा त्या वेळी सोळा वर्षांची होती आणि अजून शाळेतच शिकत होती. तिची अमेरिकेच्या संघात निवड झाली. २०० मीटरच्या शर्यतीत ती प्राथमिक फेऱ्यांतच बाद झाली. मात्र चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीत ती तिसऱ्या टप्प्यावर धावली. संघात मे फॅग्ज ही अनुभवी धावपटू होती. तिचे हे तिसरे ऑलिंपिक होते. तिने लहानग्या विल्माला सांभाळून घेतले, धीर दिला, मार्गदर्शन केले. अमेरिकेचा संघ तिसरा आला आणि विल्मा कांस्यपदक घेऊन घरी परतली. शाळेतल्या मैत्रिणी ते पदक हातात घेऊन पाहू लागल्या. विल्माने मात्र मनात ठरवले होते, की चार वर्षांनी आपण सोन्याचे पदक आणायचे.

चार वर्षे तिने कसून सराव केला. शालेय शिक्षण संपवून तिने टेनेसी राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. शिकता शिकता ती विद्यापीठात कामही करी आणि रोज मैदानावर घाम गाळी. जुलै १९६० मध्ये तिने २०० मीटर अंतर २२.९ सेकंदांत कापले. २३ सेकंदांच्या आत हे अंतर धावणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली.

त्याच वर्षी इटलीची राजधानी रोम येथे ऑलिंपिक सामने भरले. अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते आपले टेंपल सर. विल्मा आता वीस वर्षांची झाली होती. तिची उंची जवळजवळ सहा फूट होती. परंतु नशिबाने पुन्हा परीक्षा पाहिली. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मैदानात सहज धावत असताना तिचा पाय एका खड्ड्यात पडला. घोटा मुरगळला आणि सुजला. इतक्या वर्षांची मेहनत वाया जाते की काय, अशी भीती सर्वांना वाटली. घोट्याला घट्ट पट्टी बांधण्यात आली. सुदैवाने दुसऱ्या दिवशी पायाने साथ दिली.

विल्माचा स्वभाव फार शांत होता. शर्यतीपूर्वी इतर खेळाडू अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत. विल्मा मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चक्क झोपून घेई! १०० मीटरच्या उपान्त्य फेरीत तिने ११.३ सेकंदांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २ सप्टेंबर १९६० रोजी अंतिम फेरी झाली. विल्माने ती ११ सेकंदांत जिंकली. तिच्यात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूत चांगलेच अंतर होते. एवढा कमी वेळ पूर्वी कोणत्याही स्त्रीला लागला नव्हता. तरी हा जागतिक विक्रम मानला गेला नाही. असे का? धावताना पाठीमागून वारा वाहत असेल तर खेळाडूला मदत होते. म्हणून वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल, तर विक्रम धरत नाहीत, असा नियम आहे. त्या दिवशी वारा याहून थोडा जोरात होता. विक्रम हुकला, पण सुवर्णपदक पक्के होते. तीन दिवसांनी, ५ सप्टेंबरला, विल्माने २०० मीटरची शर्यतही २४ सेकंदांत जिंकली. दुसरे सुवर्णपदक!

आता उरली होती रिले शर्यत. या शर्यतीत अमेरिकेच्या चारही मुली टेंपल सरांच्याच शिष्या होत्या. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटी विल्मा. चौघीही काळ्या समाजातल्या, चौघीही त्याच साध्या मैदानावर तयार झालेल्या. उपान्त्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा नवा जागतिक विक्रम केला.

८ सप्टेंबरला अंतिम शर्यत झाली. तुम्हांला माहीत आहे, बॅटन कोठेही देता येत नाही. त्यासाठी धावपट्टीवर ठराविक जागा आखलेली असते. त्या काळी ती वीस मीटर लांबीची होती. मागची खेळाडू पूर्ण वेगाने येत असते आणि पुढचीने न थांबता धावायला सुरुवात करायची असते. काही क्षणांतच बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात गेला पाहिजे. मार्था, ल्युसिंडा आणि बार्बरा छान धावल्या. अमेरिका पुढे होती. पण बार्बराने विल्माच्या हातात बॅटन दिला, तेव्हा तो नीट बसला नाही. आता पडतो की काय, असे वाटले. विल्माला तो सांभाळण्यासाठी वेग कमी करावा लागला. तेवढ्या वेळात जर्मनीची खेळाडू पुढे निघून गेली.

विल्माने बॅटन घट्ट पकडला आणि ती वाऱ्यासारखी सुटली. लांब लांब पावले टाकत तिने जर्मनीच्या खेळाडूला गाठले, मागे टाकले आणि शेवटची रेषा ओलांडली. अमेरिकेच्या संघाला ४४.५ सेकंद लागले, जर्मनीला ४४.८. म्हणजे एका सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही! एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या स्पर्धांत तीन सुवर्णपदके मिळवणारी ती अमेरिकेची पहिली स्त्री ठरली. ज्या पायाला एके काळी कॅलिपर होते, त्याच पायाने तिला येथवर आणले होते.

रोमनंतर विल्माने युरोपातील अनेक शहरांत शर्यती केल्या. तिला पाहण्यासाठी लोकांची एवढी गर्दी होई, की जर्मनीत एके ठिकाणी घोडेस्वार पोलिसांना लोकांना आवरावे लागले. वर्तमानपत्रांनी तिला हरिणीची उपमा दिली.

मित्रांनो, गोष्ट येथे संपली असती तरी चालले असते. परंतु विल्माची सर्वांत अवघड परीक्षा रोममध्ये झाली नाही. ती तिच्या स्वतःच्या गावात झाली.

क्लार्क्सव्हिलच्या लोकांनी तिच्या सत्काराची तयारी केली. मोठी मिरवणूक काढायची आणि नंतर मेजवानी द्यायची, असे ठरले. राज्याचे गव्हर्नरही येणार होते. पण गावाची जुनी रीत अजून चालूच होती. गोरे लोक वेगळे आणि काळे लोक वेगळे. सत्कारही तसाच व्हायचा होता. विल्माने विचार केला असेल, की मी पदके साऱ्या देशासाठी जिंकली. मग माझ्याच आई-वडिलांनी, माझ्याच शेजाऱ्यांनी वेगळे का बसावे? तिने स्पष्ट नकार दिला. सर्व लोक एकत्र येणार असतील तरच मी येईन, नाहीतर सत्कार नको, अशी अट तिने घातली.

विचार करा. ती फक्त वीस वर्षांची होती. गरीब घरातली होती. तिच्या गावात शतकानुशतके चालत आलेली ही रीत होती. मान मिळत असताना तो गुपचूप स्वीकारणे किती सोपे होते! पण सर्वांना न मिळणारा मान तिला नको होता. अखेर गावाने तिचे म्हणणे मान्य केले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोरे आणि काळे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. रात्री सर्व जण एकाच ठिकाणी जेवायला बसले. क्लार्क्सव्हिलच्या इतिहासात असे प्रथमच घडले. मित्रांनो, तीन सुवर्णपदकांच्या पलीकडचे हे चौथे यश होते, आणि त्यासाठी कोणतेही पदक मिळत नाही.

पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिची भेट घेतली. जुलै १९६१ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे तिने १०० मीटर अंतर ११.२ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. या वेळी वाऱ्याची तक्रार नव्हती. १९६२ साली अमेरिका आणि रशिया यांच्या संघांत स्टॅनफर्ड येथे सामना झाला. त्यातही विल्माने १०० मीटरची शर्यत जिंकली आणि रिलेमध्ये मागे पडलेल्या संघाला पुढे आणले. त्यानंतर तिने स्पर्धेतून निवृत्ती घेतली. त्या वेळी ती अवघी बावीस वर्षांची होती. १९६४ साली टोकियोला पुन्हा ऑलिंपिक होणार होते. पण रोमपेक्षा कमी यश मिळाले तर लोक तेच लक्षात ठेवतील, हे तिने ओळखले. यशाच्या शिखरावर असतानाच थांबावे, असे तिने ठरवले.

१९६३ साली तिने शिक्षणशास्त्राची पदवी मिळवली. टेंपल सरांची अट तिने पूर्ण केली! त्याच वर्षी क्लार्क्सव्हिलमधील एका उपाहारगृहात काळ्या लोकांना प्रवेश मिळावा, म्हणून आंदोलन झाले. विल्मा त्यात सामील झाली. थोड्याच दिवसांत गावातील सार्वजनिक जागा सर्वांसाठी खुल्या करण्याची घोषणा महापौरांनी केली.

तुम्हांला वाटेल, एवढी प्रसिद्ध खेळाडू श्रीमंत झाली असेल. तसे झाले नाही. त्या काळी ऑलिंपिक खेळाडूंना खेळासाठी पैसे घेण्यास मनाई होती. पदके घरात होती, पण पोट भरण्यासाठी नोकरी करावी लागणार होती. विल्मा शिक्षिका झाली. ज्या शाळेत ती लहानपणी कॅलिपर घालून जात होती, त्याच शाळेत ती मुलांना शिकवू लागली. मुलामुलींना तिने धावायलाही शिकवले. पुढे तिने निरनिराळ्या शहरांत तरुणांसाठी काम केले. १९७७ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८१ साली तिने स्वतःच्या नावाची एक संस्था काढली. गरीब वस्तीतील मुलांना खेळाचे प्रशिक्षण आणि अभ्यासात मदत देणे, हे या संस्थेचे काम होते.

१९८८ साली सोल येथील ऑलिंपिकमध्ये फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर या अमेरिकन धावपटूने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. विल्मानंतर एकाच ऑलिंपिकमध्ये याच तीन शर्यती जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. मधे २८ वर्षे गेली होती.

१२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने विल्माचे निधन झाले. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. ज्या क्लार्क्सव्हिलमध्ये तिच्या समाजाला बरोबरीने बसता येत नव्हते, त्याच क्लार्क्सव्हिलमध्ये आज तिचा पुतळा उभा आहे आणि एका मोठ्या रस्त्याला तिचे नाव आहे.

मित्रांनो, आपण सुरुवातीला रिले शर्यतीबद्दल बोललो होतो. आता मागे वळून पाहा. आईने दोन वर्षे बसचा प्रवास केला. भावाबहिणींनी पाळीपाळीने पायाचे मालीश केले. डॉक्टरांनी उपचार केले. मे फॅग्जने हात धरला. टेंपल सरांनी शिस्त लावली. प्रत्येकाने आपापला टप्पा पार पाडला आणि बॅटन पुढे दिला. विल्मा शेवटी धावली, म्हणून जगाने तिला पाहिले. आणि तिनेही तो बॅटन स्वतःजवळ ठेवला नाही. शिक्षिका होऊन, संस्था काढून तिने तो पुढच्या मुलांच्या हाती दिला.

तुमच्या हातातही कोणीतरी असा बॅटन दिला आहे. कोणी तुमच्या फीसाठी जादा काम करत असेल, कोणी रात्री बसून तुमचा अभ्यास घेत असेल. तो नीट धरा. आणि तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी खेळाच्या तासाला एका बाजूला बसलेली दिसली, तर तिला चिडवू नका. तिला आपल्या खेळात घ्या.

शब्दार्थ

चाहूल – कोणी येत असल्याची जाणीव
टोपणनाव – प्रेमाने किंवा थट्टेने ठेवलेले दुसरे नाव
राखीव – गरज पडल्यास घेण्यासाठी ठेवलेला
उपान्त्य – शेवटच्या आधीचा
येरझाऱ्या घालणे – अस्वस्थ होऊन इकडून तिकडे फिरणे
सत्कार – मान, गौरव

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विल्माच्या प्रशिक्षकांनी तिचे टोपणनाव काय ठेवले होते?
(आ) १०० मीटरच्या अंतिम शर्यतीतील तिचा वेळ विक्रम म्हणून का धरला गेला नाही?
(इ) रिले शर्यतीत विल्माचा वेग मध्येच का कमी झाला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टस्कीगीच्या स्पर्धेतून विल्मा काय शिकली?
(आ) सत्कारासाठी विल्माने कोणती अट घातली? ती तुम्हांला योग्य वाटते का? का?

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळे उघडणे, घाम गाळणे, खांद्याला खांदा लावणे

प्र. ४. तुमच्या शिक्षणासाठी घरात कोण कोण कष्ट घेतात? त्यांच्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.